रामरक्षा होईपर्यंत थांबलेला चहा

ती हिरवी पूड म्हणजे चहा आहे हे आमच्या घरात सगळ्यात आधी मला कळलं, कारण मी ती चाटली. बाकीचे नुसतं बघून मतं देत होते.

आईने चिमूटभर अंगठ्याला चोळली आणि निकाल दिला, "मेंदी आहे. पण जुनी. रंग चढत नाही."

आबांनी डब्याचं झाकण खिडकीशी नेऊन पाहिलं. झाकणावर चित्र होतं. ढगळ झगा घातलेला एक माणूस गुडघे मोडून बसलाय, पुढ्यात वाडगा, हातात जाडसर ब्रश, आणि वाडग्यात फेसच फेस.

"दाढीचा साबण," आबा म्हणाले. "जपानात हिरवा मिळत असेल."

असे तीन डबे होते. तिन्हींवर तेच चित्र आणि खाली मुंग्यांची रांग चालल्यासारखी अक्षरं. ते घेऊन आलेल्या शिपायाने निरोप एवढाच दिला होता, "साब ने कहा है, देख लेना." म्हणून आमचं सगळं घर बघत बसलं होतं.

तोवर माझं बोट डब्यातून तोंडात जाऊन आलं होतं. आधी वाटलं, आपण मैदानातलं गवत खाल्लं. मग जिभेच्या मागच्या बाजूला ती ओळखीची तुरट ओढ लागली.

"आबा, चहा आहे! सच्ची! आपल्या चहात दूध, साखर, आलं पडायच्या आधी जे काही असतं ना, ते आहे हे."

"शालू, थुंक ते," आई ओरडली. "साबण असला म्हणजे?"

पण आबांचा चेहरा फुलला होता. "थुंकू नकोस. आबदाराची पोर आहेस. गिळ."

आता आबदार म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या वर्गातल्या मुलींनासुद्धा ते आडनाव वाटतं. आडनाव आहेच, पण ते नंतर झालं. आमचे पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन ग्वाल्हेरीस आले. दोन-तीन पिढ्यांत तलवार खुंटीला लागली आणि हातात सुरई आली. दरबाराचा आबदारखाना, म्हणजे पिण्याच्या पाण्याचं, सरबतांचं आणि पुढे चहा-कॉफीचं खातं, आमच्याकडे आलं. राजेसाहेबांनी काही पिण्याआधी आबदाराने स्वतः ते प्यायचं आणि मग रामरक्षा पूर्ण होईपर्यंत त्यांच्यासमोर उभं राहायचं, असा नेम होता. रामरक्षा संपली आणि आबदार उभाच असला, तर पेय निर्धोक.

"आणि पडला असला तर?" मी लहानपणी विचारलं होतं.

"तर दुसरा आबदार," आबा शांतपणे म्हणाले होते.

मग संस्थानं विलीन झाली आणि मध्य भारत झाला. आबदारखान्याचं नाव 'रिफ्रेशमेंट सेक्शन' पडलं आणि तो सरकारी गेस्ट हाउसच्या एका खोलीत मावला. राजे गेले, मंत्री आले. पण आबांनी नेम सोडला नाही. मंत्र्यासमोर एक घोट घ्यायचे आणि हात बांधून, मनातल्या मनात रामरक्षा म्हणत उभे राहायचे. तोवर मंत्र्याचा चहा गार. आजवर एकाही मंत्र्याने गेस्ट हाउसमध्ये दुसरा कप मागितला नाही, याचं आबांना नवल वाटायचं.

मध्य भारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. त्यामुळे आबदारही दोन. हिवाळ्याचे आमचे आबा, सूर्याजीराव, आणि उन्हाळ्याचे इंदूरचे भालचंद्रपंत. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण एकमेकांच्या चहाला नावं ठेवण्यात आठ वर्षं सुखात गेली होती. आता नवीन मध्य प्रदेश होत होता. शाळेत आमचा वादविवाद झाला, 'राजधानी ग्वाल्हेरलाच हवी'. मी बाजूने बोलले आणि पहिली आले. कप मला मिळाला, राजधानी भोपाळला.

आणि राजधानीबरोबर आबांची झोप गेली. नव्या रचनेत ग्वाल्हेरच्या गेस्ट हाउसला चहापाण्याचा एकच माणूस राहणार होता. उरलेल्याची बदली श्योपुरला जंगलखात्यात, बांबू मोजायला.

"बांबू," आबा जेवताना मध्येच म्हणायचे आणि घास खाली ठेवायचे.

"बांबू तर बांबू. पगार तोच ना?" आई म्हणायची. पण एकदा ती शेजारच्या सुनंदामावशींना सांगताना मी ऐकलं, "यांना श्योपुरला नेऊन ठेवलं तर हे वर्षभरात झुरतील हो. बांबू चाखता येत नाही." शिवाय माझं मॅट्रिकचं वर्ष, ते आणखी वेगळंच.

दुसऱ्या दिवशी डब्यांचा उलगडा झाला. नव्या रचनेचे अधिकारी दिनकरराव यांनी आबांना बोलावून सांगितलं की चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना बघायला जपानचे पाहुणे येताहेत. त्यांनीच ही चहाची पूड भेट म्हणून पुढे धाडली आहे. त्यांच्याकडे तिच्यातही उंची-हलकी अशा प्रती असतात. एक पाहुण्यांना पाजायची, बाकीच्या मिठाईत वगैरे घालायच्या. तीन डब्यांतला पाजायचा कोणता, ते वाचता येत नाही.

"पाहुण्यांनाच विचारलं तर?" आबा म्हणाले.

"वा! म्हणजे तुमची भेट आम्हाला ओळखू येत नाही असं सांगायचं? सूर्याजीराव, इंदूरहून भालचंद्रपंतही येताहेत. दोघांनी एकेक डबा निवडा. ज्याचा चहा पाहुण्यांना रुचेल तो इथे राहील."

"आणि दुसरा?"

"बांबू," दिनकरराव म्हणाले.

आबा घरी आले ते थेट स्वयंपाकघरात. तिन्ही डब्यांतली पूड त्यांनी आमच्या पद्धतीने दूध, साखर, आलं, वेलची घालून तीनदा उतू घालवली. झालं ते पालकाच्या खिरीसारखं दिसत होतं. आईने चमचा तोंडाला लावला आणि पातेलं उचलून तुळशीपाशी गेली. तुळसही त्यातून वाचेल का अशी शंका आल्यावर तिने ते मोरीत ओतलं.

"चित्रात दूध कुठाय, आबा?" मी म्हटलं. "नुसतं पाणी आहे आणि घुसळणं आहे. ताकाची छोटी रवी आणा."

कोमट पाणी, चिमूटभर पूड आणि रवी. दोन्ही तळव्यांत रवी घुसळल्यावर वर मस्त हिरवा फेस आला. आबा मांडी घालून बसले, डोळे मिटले, घोट घेतला आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "सांगतो. पण उद्या सांगतो. पूड एका भेटीत बोलत नाही."

पूड बोलली नाही ती नाहीच, कारण मध्ये कोजागरी आली. आबांनी गच्चीवर गार मसाला दूध प्यायलं आणि तिथेच झोपून गेले. सकाळी उठले तेव्हा नाक बंद आणि घसा बसलेला. आईने निलगिरीची बाटली नाकाशी धरली तर म्हणाले, म्हणजे ओठ हलवले, "पाणी आहे का?"

मी आणि आईने एकमेकींकडे पाहिलं. चहाची परीक्षा दुसऱ्याच दिवशी होती.

"सांगून टाका साहेबांना," आई म्हणाली. "माणसाला पडसं होतं."

आबांनी जोरजोरात मान हलवली. मग माझ्याकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या तोंडाकडे.

"मी तुमचा आवाज?"

त्यांनी माझ्या जिभेकडेही बोट दाखवलं. आणि हात जोडले. माझे आबा माझ्यापुढे हात जोडताहेत हे बघून मला एवढं कसंतरी झालं की मी म्हटलं, "अहो आबा, वादविवादाचा कप काय उगाच मिळाला का? चला, मैदान मार लेंगे!"

गेस्ट हाउसच्या त्या खोलीत लांब टेबलावर तिन्ही डबे उघडून ठेवले होते. प्रत्येकासमोर पांढरा वाडगा होता, मध्ये गरम पाण्याची किटली आणि आमची रवी. भालचंद्रपंत आधीच येऊन बसले होते. गोल, गुलाबी, टापटीप धोतरातले. बरोबर डब्यात पोहे आणले होते.

"या सूर्याजीराव! आठ वर्षांनी पहिलंच दर्शन. पोहे घ्या. आणि ही कोण, बेटा?"

"मी शालिनी. आबांचा घसा बसलाय. आज त्यांच्या वतीने मी बोलणार."

"घसाच ना?" भालचंद्रपंतांनी आबांच्या लाल नाकाकडे पाहिलं. "बाकी सगळं चालू आहे ना?"

"सगळं चालू आहे," मी म्हटलं. आबांनी ऐटीत एक लांब श्वास घेतला. नाकातून शिट्टी वाजली.

भालचंद्रपंत उठून जवळ आले. त्यांनी कनवटीची चांदीची डबी काढली, झाकण उघडलं आणि अगदी प्रेमाने आबांच्या नाकाखाली धरली. "अत्तर आहे हो. आमच्या इंदूरचं. कसं वाटतं?"

ती तपकीर होती. चांगली मूठभर. आबांनी डोळे मिटून वास घेतला आणि खुशीत बोटांचा चंबू करून 'वा!' केलं.

शिंक मला आली. एक नाही, लागोपाठ. टेबलावरची किटली हलली.

"साहेब," भालचंद्रपंत दिनकररावांकडे वळले, "तपकिरीला केवडा समजणारा माणूस चहा काय पारखणार?"

दिनकररावांनी चष्मा काढला. "सूर्याजीराव, नाक बंद आहे?"

आबांचे खांदे असे खाली आले की मला पाहवेना. त्यांनी हळूच मान हलवली.

"नाक बंद आहे, साहेब," मी नाक पुशीत म्हटलं, "पण डोळे उघडे आहेत. आणि जीभ मी बरोबर आणली आहे. माझी. आबदारांचीच आहे, फक्त नवी आहे. आधी भालचंद्रकाकांचं होऊ द्या."

दिनकरराव हसू दाबत म्हणाले, "होऊ द्या."

भालचंद्रपंतांनी तिन्ही वाडगे घुसळून घेतले आणि भराभर एकेक घोट घेतला. मधला डबा त्यांनी बाजूला सारला, "हा पिवळटलाय. जुना." तो खरोखरच जुना होता, टांग्याच्या घोड्यापुढच्या वाळक्या गवताचा वास त्याला आमच्या घरीच येत होता. मग त्यांनी पहिल्या डब्यातली पोपटी पूड चिमटीत धरली. "ही जरा जास्तच हिरवी आहे. बाजारात मटार असाच रंगवतात. रंग घातलेला आहे, साहेब." आणि तिसरा, काळपट हिरव्या पुडीचा डबा त्यांनी छातीशी धरला. "हा! कडू म्हणजे कडक आणि कडक म्हणजे चहा. मी हा निवडला."

ते इतक्या खात्रीने बोलले की माझीच खात्री डळमळली. मला घरी पहिला आवडला होता. तो आधी जिभेवर काहीच करत नव्हता, मग मटाराची कोवळी शेंग दाताखाली फुटावी तसा गोड लागायचा, जरा कडवट व्हायचा आणि गिळल्यावर पुन्हा गोडच. तिसरा म्हणजे मेंदीत कडुनिंब. पण कुणी सांगावं, जपानात कडुनिंबच रुचत असेल! आणि रंग घातलेला असला तर?

मी बोलायला तोंड उघडलं तर आबांनी हात वर केला. थांब.

ते पुढे आले. पहिल्या आणि तिसऱ्या डब्यांतली पूड नव्याने घुसळली. दोन्ही वाडग्यांतून एकेक घोट घेतला. मग दोन पावलं मागे सरून त्यांनी हात बांधले आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

"हे काय चाललंय?" दिनकररावांनी विचारलं.

"रामरक्षा," मी म्हटलं. "आबदाराने चाखल्यावर थांबायचं असतं. विष नाही ना ते बघायला."

"विष? अहो, मी स्वतः आत्ताच प्यायलो!" भालचंद्रपंत दचकले.

"म्हणून तर काका, तुमच्याकडेही लक्ष ठेवून आहेत."

"सूर्याजीराव, पाहुणे येतील," दिनकररावांनी घड्याळ काढलं. आबा ढिम्म. मला त्यांच्या ओठांवरून कळत होतं की अजून कवचसुद्धा सुरू झालेलं नाही. भालचंद्रपंतांनी पोह्यांचा डबा उघडला. दिनकररावांनी जांभई दिली. मला तर वाटलं, गेलो आपण. माझे आबा राज्य गेलेल्या एका राजाच्या जिवासाठी अजून रामरक्षा म्हणताहेत आणि तेवढ्यात आम्ही श्योपुरला पोचणार.

करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी वाडग्यांकडे बघत बसले. आणि मला दिसलं.

तिसऱ्या वाडग्यात वर पाणी होतं आणि तळाशी चिखल. अगदी स्वच्छ दोन थर, आमचा सागरताल तलाव उन्हाळ्यात दिसतो तसा. फेस केव्हाच फुटून गेला होता. पहिला वाडगा मात्र तसाच्या तसा होता. दाट, एकजीव, वर बारीक साईसारखा फेस, आणि पाणी कुठे संपतं नि पूड कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

"साहेब! बघा, बघा ना!" मी ओरडलेच. "तिसरी पूड जाडी आहे, म्हणून ती तळाशी बसली. पहिली इतकी बारीक दळलीय की तिला बसताच येत नाही. आई काजळ वस्त्रगाळ करते ना, त्याच्याहून बारीक. इतकी मेहनत मिठाईत घालायच्या पुडीवर कोण घेईल? आणि काका, रंग घातला असता तर तो वरच्या पाण्यात सुटला असता आणि पूड खाली गेली असती!"

दिनकररावांनी दोन्ही वाडगे उचलून उजेडात धरले. भालचंद्रपंतही उठून आले, पोह्याचा घास गालात तसाच ठेवून. त्यांनी तिसऱ्या वाडग्यात बोट बुडवून तळाचा गाळ चोळून पाहिला. कचकच लागली असणार, कारण त्यांचा गुलाबी चेहरा जरा उतरला.

"सूर्याजीराव, हे दिसावं म्हणून थांबलात तुम्ही?" दिनकररावांनी विचारलं.

आबांनी एक बोट वर करून सांगितलं, अजून फलश्रुती बाकी आहे.

"तरीही," भालचंद्रपंत घास गिळत म्हणाले, "पाहुण्याची जीभ पाहुण्याची. मी आपला डबा बदलत नाही." मला ते आवडलं. वादविवादात शेवटपर्यंत बाजू न सोडणारी मुलगी मलाही आवडते.

तिसऱ्या प्रहरी पाहुणे आले. त्यांतले प्रमुख एक वाळलेल्या खारकेसारखे म्हातारे गृहस्थ होते. दिनकरराव इंग्रजीत बोलत होते आणि पाहुण्यांबरोबरचा तरुण ते त्यांच्या भाषेत सांगत होता.

आधी भालचंद्रपंतांचा वाडगा. म्हाताऱ्यांनी एक घोट घेतला. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. त्यांनी अतिशय आदराने मान लववली आणि लगेच शेजारच्या बशीतला एक अख्खा गुलाबजाम तोंडात टाकला. मग दुसरा.

मग आबा. रवी दोन्ही तळव्यांत घुसळायला लागल्यावर म्हातारे पुढे वाकून बघायला लागले, मुलासारखे. फेस आला. आबांनी चमच्याने स्वतःसाठी वाटीत थोडा काढला, प्यायले आणि हात बांधले.

"सूर्याजीराव, आता नको," दिनकरराव दातांतून म्हणाले.

ओठ हलायला लागले होते. दिनकररावांना घाम फुटला. ते पाहुण्यांना काहीतरी समजावू लागले, पण म्हाताऱ्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. हातही आबांसारखाच वर केला. आणि तेसुद्धा मांडीवर हात ठेवून स्तब्ध बसले. मंत्री असते तर आतापर्यंत उठून गेले असते. हे मात्र असे बसले होते की जणू चहापेक्षा हीच गोष्ट करायला इतक्या लांबून आले होते.

रामरक्षा संपली. आबा उभेच होते. त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी पुढे केला. म्हाताऱ्यांनी तो तळहातावर घेतला, जरासा फिरवला, प्यायले. पुन्हा प्यायले. शेवटचा घोट चक्क सुर्रकन ओढला, जे केल्यावर आई मला धपाटा घालते. मग रिकामा वाडगा पुढे करून बोलले, आणि तरुणाने सांगितलं, आणि दिनकररावांनी आम्हाला सांगितलं, "आणखी एक मागताहेत."

आबांच्या आयुष्यातला पहिला दुसरा कप. त्यांचे डोळे भरून आले. पडशाने, असं ते आजही म्हणतात.

जाताना म्हाताऱ्यांनी आपल्या पिशवीतून चित्रातला तो ब्रश काढून दाखवला. एकाच बांबूच्या पेराला चिरत चिरत केसासारख्या काड्या काढलेल्या. रवीशेजारी धरून ते खूप हसले. सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहिला, पण भालचंद्रपंतांनी सगळ्यात जास्त वेळ.

"बांबूचा आहे," ते स्वतःशीच म्हणाले. मग आबांकडे वळले. "चला सूर्याजीराव, हिवाळा तुमचा आणि उन्हाळाही तुमचा. मी निघतो श्योपुरला. पण मंत्र्यांना एवढा वेळ ताटकळवू नका हो."

आबांनी उरलेले पोहे मागून घेतले आणि सगळे खाल्ले. चव लागत नव्हती तरी. मला वाटतं, तो त्यांचा नमस्कार होता.

दिवाळीनंतर श्योपुरहून पुरचुंडी आली. आत बांबूचा एक ब्रश होता. काड्या जाड्या, जरा वाकड्या, पण होता ब्रशच. शिपायाबरोबर भालचंद्रपंतांचा निरोप होता, "बांबू चाखता येत नाही, पण कोरता येतो. पुढचा याहून बारीक करेन."

आबांनी लगेच पहिल्या डब्यातली पूड काढली. पडसं गेलं होतं, घसा मोकळा होता, नाक तर आईच्या फोडणीचा हिंग कोणत्या दुकानातला तेही सांगत होतं. नव्या ब्रशने फेस आणून आबा मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि परीक्षेनंतर पहिल्यांदाच, नाक-जीभ शाबूत असताना, त्या चहाचा घोट घेतला.

घोट तोंडातच धरून ते कडुनिंब चावल्यासारखे बसून राहिले. मला वाटलं, रामरक्षा चाललीय. पण ओठ हलत नव्हते.

"शालू," ते शेवटी म्हणाले, "हा उत्तम होता?"

"सगळ्यात उत्तम, आबा."

"आणि पुढल्या थंडीत ते पुन्हा येणार आहेत?"

"दिनकरराव म्हणाले ना. खास तुमच्या हातचा प्यायला."

आबांनी वाडग्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर, श्योपुर ज्या दिशेला आहे तिकडे जरा वेळ पाहिलं.

"विजयाबाई," त्यांनी आईला हाक मारली, "त्या दिवसांत मला पुन्हा गच्चीवर झोपू द्या."